चार वर्षांची लेक, गुडघेदुखीच्या सासूबाई आणि खोपोली : एक दिवस की दोन?

घणसोलीकरीण

नमस्कार. आमच्या चिऊला येत्या डिसेंबरात चार वर्षे पूर्ण होतील. वाढदिवसाला फुगे लावून पन्नास माणसे जेवायला बोलावण्यापेक्षा त्याच पैशांत तिला खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात न्यावे, असे आम्ही उभयतांनी ठरवले आहे; ठरवले म्हणजे मी ठरवले आणि यजमानांनी मान डोलावली. सासूबाईही सोबत येणार आहेत. त्यांचे वय सदुसष्ट असून उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर पाऊण तास चालतात, जिने मात्र नकोत.

आमच्यापुढे काही प्रश्न आहेत. घणसोलीहून पहाटे निघून रात्री परत यावे, की जवळपास मुक्काम करावा? चिऊ अजूनही दुपारी एक ते तीन झोपते आणि ती झोप चुकली, की संध्याकाळी पाचनंतर घर डोक्यावर घेते. मग तिकिटाचे पैसे भरलेले असताना तिला दुपारी झोपवायचे कुठे? माझ्या धाकट्या दिरांचे म्हणणे असे, की चार वर्षांच्या मुलीला यातले काहीच कळणार नाही, त्यापेक्षा दोन वर्षे पैसे साठवून सरळ सिंगापूर किंवा हाँगकाँगला जावे. हेही मनातून पूर्णपणे जात नाही.

मुलीच्या स्वभावाची कल्पना यावी म्हणून एक प्रसंग सांगते. महाशिवरात्रीला आम्ही अंबरनाथच्या यात्रेत तिला घोड्यांच्या पाळण्यात बसवले. त्यात ती सलग सहा वेळा बसली. मग ‘आता मोठ्या पाळण्यात जाऊ’ म्हणून आम्ही तिला तिथून उचलले, तर तिने असा आकांत मांडला, की पाळणेवाल्याने स्वतःहून सातवी फेरी फुकट दिली. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या खुणेप्रमाणे तिची उंची ९९ सेंटिमीटर आहे. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खाडीपल्याड

ताई, तुमच्या लेखनात सर्वांत कामाची गोष्ट शेवटी आली आहे, ती म्हणजे चौकटीवरची ती खूण. या उद्यानांत मुलाचे वय कोणी विचारत नाही, उंची विचारतात. इमॅजिकात मुलांचे तिकीटसुद्धा उंचीवरून ठरते आणि प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंचीची पाटी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात चार वर्षे पूर्ण झालेल्या मुलीची मध्यम उंची १०२.७ सेंटिमीटर धरली आहे. म्हणजे तुमची लेक अगदी व्यवस्थित वाढते आहे, परंतु या वयाच्या बहुतेक मुलांना मोठ्या राइडची दारे बंदच असतात. ही गोष्ट घरीच समजावून सांगितलेली बरी. आमच्या थोरल्याला ती पाटीपाशी पोहोचल्यावर समजली आणि मग पुढचा अर्धा तास कसा गेला, ते लिहीत नाही.

उंचीचा हा नियम कोणाच्या लहरीने ठरत नाही. नायट्रो या तिथल्या रोलरकोस्टरसारख्या राइडमध्ये बसणाऱ्याच्या पायाखाली तळ नसतो आणि तो सर्वस्वी खांद्यावरून खाली येणाऱ्या पट्ट्याच्या आधारावर असतो. पट्टा खांद्यावर आणि मांड्यांपाशी घट्ट टेकला, तरच तो माणसाला धरून ठेवतो. लहान मुलाच्या शरीरात आणि पट्ट्यात पोकळी राहते आणि सुमारे ४० मीटर उंचीवरून खाली येताना नेमकी तीच पोकळी घात करते. म्हणून ‘एक-दोन सेंटिमीटरच कमी आहे हो, बसू द्या’ अशी तिथल्या कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालणारे पालक पाहिले, की मला त्यांच्याऐवजी लाज वाटते. बुटात कापड कोंबणारे एक सद्गृहस्थही मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

घरी बसून दोन याद्या करा. चिऊ कशात बसू शकते, त्याची एक आणि तुम्ही दोघे आळीपाळीने कशात बसाल, त्याची दुसरी. आमच्या धाकटीच्या यादीत टबी टेक्स ऑफचे उडते हत्ती, मॅजिक कॅरोसेल, हॅपी व्हील्स आणि मॅम्बो चाय चामाच्या फिरत्या कपबश्या होत्या. कपबश्यांत जेवणानंतर बसू नका, एवढेच सांगतो. जाण्यापूर्वी नायट्रोच्या चित्रफिती मुलीला दाखवू नका, कारण जे मिळणार नाही ते आधी दाखवून भांडण ओढवून घ्यायचे कशाला?

नौपाड्याचे आजोबा

मी थोडे विरोधात लिहितो, राग नसावा. गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हा आमचा मुलगा पाच वर्षांचा होता. ठाण्याहून दादर, दादरहून मालाड, तिथून मार्व्याची जेट्टी आणि मग होडी, असा द्राविडी प्राणायाम करून आम्ही त्याला तिथे नेले होते. तो आज चाळिशीत आहे. त्याला विचारले, तर त्याला फक्त होडी आठवते. एस्सेलवर्ल्ड तर आता बंदही झाले.

चार वर्षांच्या मुलीसाठी चितळसर मानपाड्याची टिकुजीनी वाडी पुरेशी आहे. येऊरच्या पायथ्याशी झाडी आहे, छोटी आगगाडी आहे, पाळणे आहेत आणि मुलगी कंटाळली, तर तासाभरात घरी येता येते. तुम्ही नवी मुंबईकर, तुम्हाला तर नेरूळचे वंडर्स पार्क हाकेच्या अंतरावर आहे. महानगरपालिकेने २०१२ साली ते खुले केले, तिथे सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत आणि झुकझुकगाडीही आहे. जे तिला आठवणारच नाही, त्यासाठी एवढा खटाटोप कशासाठी? मुलीच्या नावाने आईबापच हौस भागवतात, असे माझे मत आहे आणि आम्हीही तेच केले होते, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

घणसोलीकरीण

आजोबा, राग मुळीच नाही. हौस माझीही आहे, हे मान्य. मात्र चौथ्या वर्षी खाल्लेला वरणभातही तिला आठवणार नाही, म्हणून आपण तो वाढायचे थांबवत नाही. वंडर्स पार्कची सूचना मात्र फार चांगली आहे. जाण्यापूर्वी तिथे रंगीत तालीम करून पाहते, म्हणजे रांगेत ती किती वेळ उभी राहते, याचा अंदाज येईल.

पारसिक

तुमच्या दिरांचा मुद्दा कोणीतरी तपासायला हवा, म्हणून लिहितो. आम्ही कळव्याचे असून गेल्या वर्षी साडेपाच वर्षांच्या मुलीला घेऊन हाँगकाँगला गेलो होतो. त्याआधी, ती साडेतीनची असताना, सिंगापूर केले होते. दोन्हींची तुलना या धाग्याच्या उपयोगी पडेल.

सेंतोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसते. या एकाच आमिषाला भुलून आम्ही मुलीला चार पूर्ण होण्याआधी तिकडे नेले आणि तिथेच फसलो. तिकीट वाचले हे खरे, पण तिथल्या गाजलेल्या ट्रान्सफॉर्मर्स राइडला १०२ सेंटिमीटर उंची लागते आणि आमची बाईसाहेब तेव्हा ९६ होती. एकेका राइडबाहेर आळीपाळीने उभे राहण्यात आमचा दिवस गेला. मोठ्या उद्यानांत अशा पालकांसाठी एक चांगली सोय असते. एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो आणि मग पहिल्याला पुन्हा रांग न लावता आत सोडतात. आम्हाला ती सोय संध्याकाळी कळली, तुम्ही मात्र दारातच विचारून घ्या.

हाँगकाँगचे डिस्नेलँड २००५ साली लांताव बेटावर सुरू झाले. डिस्नेच्या उद्यानांत ते आकाराने लहान आहे आणि मोठी माणसे नेमकी याच कारणाने नाक मुरडतात. लहान मुलांच्या पायांना मात्र तोच आकार मानवतो. सनी बे स्थानकावर गाडी बदलली, की पुढच्या छोट्या मार्गावर मिकीच्या आकाराच्या खिडक्यांची आगगाडी लागते. उद्यान गाठण्यापूर्वीच आमच्या मुलीची अर्धी हौस तिथे फिटली. ‘फ्रोझन’मधल्या हिमराणी एल्साच्या भक्त असलेल्या मुलींसाठी नोव्हेंबर २०२३ पासून तिथे त्या गोष्टीतील अख्खे गाव उभे केले आहे.

वेळेचे गणितही लक्षात घ्या. दोन्ही शहरांची घड्याळे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतात. तिथे सकाळचे आठ वाजतात, तेव्हा मुलाच्या शरीराच्या हिशेबाने पहाटेचे साडेपाचच झालेले असतात. पहिल्या सकाळचे तिकीट काढणे म्हणजे झोपलेल्या मुलाला खांद्यावर टाकून प्रवेशद्वार ओलांडणे. उलट रात्री ती साडेदहापर्यंत टक्क जागी राहतात, म्हणून पहिल्या दिवशी फक्त संध्याकाळ ठेवावी. एका सहल कंपनीने आम्हाला विमानतळावरून थेट उद्यानात नेण्याचा कार्यक्रम आखून दिला होता. तो मी भांडून बदलून घेतला आणि माझ्या आयुष्यातील मोजक्या यशस्वी भांडणांत त्याची गणना होते.

थोडक्यात, चिऊ सहा वर्षांची झाली, की परदेशाचा विचार जरूर करा. तोपर्यंत खोपोलीच बरे. तिथे मुलगी दुपारी रुसली, तर दोन तासांत घरी परतता येते. सिंगापुरात रुसली, तर चार दिवस सिंगापुरातच रुसलेली असते.

ओवा-बडीशेप

मी ठाण्यात एका बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. दोन-तीन गोष्टी कामाच्या अनुभवातून लिहिते.

झोपेचा प्रश्न तुम्ही अगदी योग्य विचारला आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तासांची झोप लागते आणि त्यात दुपारची झोपही धरलेली असते. पहाटे पाचला उठवून गाडीत बसवलेले आणि दुपारी न झोपलेले मूल संध्याकाळी किरकिरे होते, तो हट्ट नसतो, तो थकवा असतो. त्यामुळे माझे मत मुक्कामाच्या बाजूने आहे. बाबागाडी न्या, ‘आता ती मोठी झाली’ असे म्हणून घरी ठेवू नका. घरी दोन वर्षांपूर्वी सुटलेली बाबागाडी अशा ठिकाणी पलंग, सावली आणि हमाल अशी तीन कामे करते. वर टाकायला एक पातळ सुती ओढणी ठेवा, मात्र सगळीकडून झाकू नका, आत हवा कोंडते.

डिसेंबरातही दुपारचे ऊन कडक असते आणि खेळण्याच्या नादात मुले पाणी मागत नाहीत. दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट तुम्हीच पाजा. लघवी गडद पिवळी दिसली, की पाणी कमी पडते आहे असे समजा. क्षारसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी जवळ असावी, पण ती औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची म्हणून घ्यावी आणि पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात संपूर्ण पुडी एकदम विरघळवावी. अर्धी पुडी, अंदाजे पाणी, असे करू नये, कारण त्यातले मीठ-साखरेचे प्रमाण बिघडते. ‘ओआरएस’ असे ठळक छापून गोड पेये विकण्याला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली आहे, तरी घराघरांतून ती सवय अजून गेलेली नाही.

जलउद्यानात जाणार असाल, तर सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. चार वर्षांच्या मुलीसाठी मुख्य उद्यान आणि जलउद्यान एकाच दिवशी करू नका. ओल्या अंगाने गारठलेले मूल आणि दमलेले मूल, हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणे कठीण असते.

आणखी एक. सकाळी निघताना मुलीचा त्या दिवशीच्या कपड्यांतला पूर्ण फोटो काढा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला तुमचा मोबाइल क्रमांक बॉलपेनने लिहा. गर्दीत चुकामूक झाल्यावर आईला मुलीच्या फ्रॉकचा रंगसुद्धा आठवत नाही, हे मी पाहिलेले आहे.

खालापूरचा जावई

सासूबाई सोबत आहेत आणि महडच्या वरदविनायकाचा उल्लेख अजून कोणीच केला नाही, याचे आश्चर्य वाटते. अष्टविनायकांपैकी हे स्थान खालापूर तालुक्यातच असून वाटेत सहज होते. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे, म्हणजे पुढे पालीचा बल्लाळेश्वरही त्याच रस्त्याला. पण दोन्ही गणपती आणि उद्यान असा हावरटपणा करू नका, महड पुरेसे आहे. निघण्यापूर्वी दिनदर्शिकेत संकष्टी पाहून घ्या, त्या दिवशी दर्शनाच्या रांगेतच दुपार होते.

घणसोलीहून ठाणे-बेलापूर रस्त्याने येऊन कळंबोलीला द्रुतगती मार्ग धरा. मुलीला मागच्या आसनावर तिच्या मापाच्या सुरक्षा-आसनात बांधा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा असे आसन नसल्यास एक हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी नव्हे, बोरघाटाकडे धावणाऱ्या ट्रकसाठी बांधा. गाडी नसेल आणि मुलीला आगगाडीचे वेड असेल, तर ठाण्याहून कर्जतमार्गे खोपोली लोकल आहे. कर्जतनंतर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली, असा तो छोटासा फाटा फार देखणा आहे. मात्र गाड्या मोजक्याच आहेत, वेळापत्रक पाहूनच निघा.

हिशेबी_ऐरोली

मुक्काम, बाबागाडी, दुपारची झोप हे सगळे ठीक आहे, पण एवढे तिकीट काढून दोन तास मुलगी झोपणार असेल, तर पैसे वसूल कसे होणार? आम्ही सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळची मिरवणूक संपेपर्यंत एकूण अठरा गोष्टी केल्या. आधी लांबच्या टोकाच्या मोठ्या राइड, मग परत येताना लहान, असा क्रम लावला, तर रांगा कमी लागतात. आठवड्याच्या मधल्या वारी जावे, हे तर सांगायलाच नको.

खाडीपल्याड

हिशेबी, तुमची मुले किती वर्षांची होती?

हिशेबी_ऐरोली

अकरा आणि चौदा. आले लक्षात.

घणसोलीकरीण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही गेल्या आठवड्यात मंगळवारी निघून बुधवारी रात्री परतलो. अनेकांनी इतक्या आपुलकीने लिहिले होते, म्हणून वृत्तान्त सविस्तर देते.

मंगळवारी सकाळी न्याहारी करून आरामात निघालो, महडला दर्शन घेतले, खोपोलीत एका साध्या लॉजवर उतरलो आणि दुपारी चौघेही झोपलो. उद्यानाला लागूनच मोठे हॉटेल आहे, पण आमच्या खिशाला ते मानवणारे नव्हते. संध्याकाळी काहीच केले नाही. यजमानांना हे ‘काहीच न करणे’ फार जड गेले. ते लॉजच्या गच्चीवर बसून दुसऱ्या दिवसाचे कोष्टक करत होते. त्यात चौदा राइड, प्रत्येकीपुढे वेळ आणि दोन राइडमधल्या चालण्याची मिनिटेसुद्धा होती. हिशेबी यांचा प्रतिसाद त्यांनी तीनदा वाचला होता, हे मला नंतर कळले.

बुधवारी दार उघडायच्या वेळी आम्ही तिथे होतो. पहिलीच राइड टबी टेक्स ऑफ, म्हणजे मधल्या खांबाभोवती गोल फिरत वर-खाली होणारे हत्ती. ती झाल्यावर यजमान कोष्टकाप्रमाणे पुढे निघाले आणि चिऊ जागची हलेना. ‘परत.’ पुन्हा बसलो. ‘परत.’ गर्दी नव्हती, त्यामुळे दर वेळी दोन-चार मिनिटांत नंबर लागत होता. तिसऱ्या फेरीला यजमानांनी घड्याळ पाहिले, चौथ्या फेरीला त्यांनी माझ्याकडे पाहिले. अंबरनाथचा प्रसंग आठवून मी त्यांना म्हटले, की आज तिला कोणीही उचलायचे नाही.

नंतर मी बाहेर कठड्याजवळ उभी राहून नीट पाहत राहिले आणि जे दिसले, ते मला एवढे नवे होते, की तेवढ्यासाठीच हा प्रतिसाद लिहिते आहे, असे म्हटले तरी चालेल. पहिल्या फेरीत तिने दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला होता आणि डोळे मिटले होते. दुसऱ्या फेरीत डोळे उघडले, पण समोरच्या हत्तीच्या शेपटीशिवाय ती कुठेही पाहत नव्हती. तिसऱ्या फेरीत तिला खाली उभी असलेली आजी सापडली. चौथ्या फेरीत आजीसाठी एक हात सुटला. पाचव्या फेरीत, हत्ती वर जाण्याच्या किंचित आधी, तिने स्वतःच ‘आत्ता!’ असे ओरडून बाबांना सांगितले. सातव्या फेरीला पुढच्या हत्तीवरचा एक मुलगा रडत होता, तर ही मागून त्याला ओरडून सांगत होती, की आता वर जाईल, मग खाली येईल, मग संपेल. आम्हाला जी सात वेळा तीच राइड वाटत होती, ती तिच्यासाठी एकदाही तीच नव्हती. आपल्याला एकदा बसल्यावर सगळे कळते, म्हणून आपण पुढे जातो. तिला तेवढे कळायला सात फेऱ्या लागल्या आणि मग मात्र ती स्वतःहून खाली उतरली, चप्पल घातली आणि म्हणाली, ‘आता दुसरं.’

त्यामुळे चौदांपैकी आमच्या पाचच राइड झाल्या. हत्ती सात वेळा, घोडे चार वेळा, हॅपी व्हील्स तीन वेळा आणि कपबश्या एकदाच, तीही यजमानांच्या विनंतीवरून. कपबश्यांतून उतरल्यावर त्यांचाच चेहरा उतरलेला होता. पाचवी अलीबाबाची. तिथे आमची चूक झाली. आत अंधार आहे, हे ठाऊक असूनही ‘काही नाही गं, गंमत आहे’ म्हणून आम्ही तिला रांगेत उभे केले. दाराशी पोहोचल्यावर आतला आवाज ऐकून ती माझ्या पायांना चिकटली. मी तिला घेऊन मागे फिरले, बाबा एकटे आत जाऊन आले, म्हणून कोष्टकात पाच. त्यानंतर तासभर ती प्रत्येक दारापाशी ‘आत दिवे आहेत ना?’ असे विचारत होती आणि मी आत डोकावून खरे ते उत्तर देत होते. अंधार असेल तर अंधार आहे, असे सांगितले, तर ती शांतपणे ‘मग नको’ म्हणत होती. ‘गंमत आहे’ या दोन शब्दांनी आम्ही जो विश्वास घालवला होता, तो असा एकेका दारापाशी परत मिळवावा लागला.

दुपारी दीडच्या सुमारास जेवण झाले आणि ती बाबागाडीत झोपली. ओवा-बडीशेप ताई, तुमची ओढणी अक्षरशः कामी आली. सासूबाई शेजारच्या बाकावर जपमाळ घेऊन बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, ‘मी आहे इथे. जा दोघं, त्या उलट्यापालट्या गाडीत बसून या.’ लग्नानंतर सहा वर्षांत आम्ही दोघेच कुठे गेल्याचे मला आठवत नाही. गेलो, ते नायट्रोवर. यजमानांनी डोळे मिटून घेतले होते आणि मला चिऊची पहिली फेरी आठवत होती.

ती उठल्यावर तिला बाबांजवळ ठेवून मी सासूबाईंना आय फॉर इंडियाला नेले. मोठ्या पडद्यासमोर आसने हवेत लोंबकळतात आणि देशाची ठिकाणे आकाशातून पाहिल्यासारखी दिसतात. पाय अधांतरी झाल्यावर त्यांनी माझा हात असा दाबला, की बांगडी वाढते की काय असे वाटले, पण बाहेर आल्यावर ‘विमानात बसल्यावर असंच दिसतं का गं?’ असे त्यांनी विचारले. त्या अजून विमानात बसलेल्या नाहीत. दिरांच्या हाँगकाँगच्या बेतात आता एक माणूस वाढले आहे, हे त्यांना कळवले आहे.

मिरवणूक पाहून निघालो. कळंबोली येण्यापूर्वीच चिऊ झोपली होती.

नौपाड्याचे आजोबा

तुमचा वृत्तान्त मुलाला वाचून दाखवला. तो म्हणाला, होडी आठवते याचे कारण त्या दिवशी आम्ही परतीची एक होडी मुद्दाम सोडून दिली होती. त्याला रडू आवरेना, म्हणून त्याच्या आईने त्याला पलीकडे पोहोचल्यावर पुन्हा एकदा उलटे नेऊन परत आणले होते. तिकीट दोनदा पडले म्हणून मी चिडलो होतो, असेही तो म्हणतो. मला यातले काहीही आठवत नाही.

भाजीवाली_गल्ली_ठाणे

आमचा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि डायनोसॉरवेडा आहे. इमॅजिकातल्या राजासॉरसच्या नावेत न्यावे का? की अलीबाबासारखेच होईल?

खाडीपल्याड

तिथेही अंधार, मोठे आवाज आणि शेवटी पाण्यात उतरणारी घसरण आहे, म्हणून आधी उंचीची पाटी पाहा आणि मग मुलाला जसे आहे तसे सांगा. वेडा असेल, तर घरी एक गोष्ट जरूर सांगून ठेवा, की राजासॉरस हा कोणी कल्पनेतला राक्षस नाही. गुजरातेत तेव्हाच्या खेडा (आता महिसागर) जिल्ह्यातल्या राहिओली गावाजवळ त्याची हाडे सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिले. आमचा थोरला ‘तो आपला आहे, गुजरातचा आहे’ असे पुटपुटत आत गेला आणि न घाबरता बाहेर आला. सलीमगढ ही तिथली राइड मात्र भुतांची आहे, ती वयाच्या दहा वर्षांनंतर.

घणसोलीकरीण

आणि कपड्यांचा एक जास्तीचा जोड न्या, नावेत भिजायला होते असे आम्हाला बाहेर येणाऱ्या सगळ्यांकडे पाहून कळले.

आमची बाबागाडी आता माळ्यावर जाणार आहे. घणसोली-ऐरोली परिसरात कोणाला अशा सहलीसाठी दोन-चार दिवस हवी असल्यास इथेच कळवावे. डावे चाक थोडे करकरते, पण मूल त्याने जागे होत नाही.

भाजीवाली_गल्ली_ठाणे

आम्हाला हवी आहे. शनिवारी ऐरोली पुलावरून येतो.

घणसोलीकरीण

शनिवारी या, पण दुपारी एक ते तीन सोडून.